हिराकस

हातगाडीवाला म्हणाला होता, बारमाही आहे, बाई.
पानांपुरतं खरं निघालं.

गव्हाणपाड्यात, तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये
अनंत तीन वर्षं नुसता हिरवा उभा राहिला,
लांबच्या नात्यातल्या सज्जन माणसासारखा:
तक्रार नाही, बोलणंही नाही.

मग पानं पिवळी पडू लागली.
म्हातारी पानं नाही, शेंड्याची, कोवळी.
शिरा हिरव्या, मधलं सगळं हळदीचं,
नकाशातून गावं पुसून
नद्या तेवढ्या ठेवाव्यात तसं.

एकतीस वर्षं मी पालिकेच्या प्रयोगशाळेत
बाटलीमागून बाटली पाणी तपासलं.
कुठल्या वॉर्डाने कुठल्या साली काय प्यायलं
ते मला आकड्यांत पाठ आहे.
आणि घरच्या एका कुंडीचं पाणी तपासायला
पावणेदोन महिने लागले मला.

बोअरवेल.
सोसायटीने न्हाणीघराच्या नळाला जोडलेली.
बादलीच्या कडेला पांढरा थर दिसत होता रोज,
मी तो रोज घासत होते.
अनंताला आंबट माती लागते;
चुना वाढला की मातीतलं लोह
असून नसल्यासारखं होतं.

मग पिण्याच्या नळाचं पाणी, एक तांब्या, सकाळी.
पंधरवड्याने आंबट ताक, भरपूर पाणी घालून.
चहाचा चोथा, पण साखर धुऊन.
(नाहीतर मुंग्या येतात,
आणि मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण,
जुन्या ब्रशने एकेक बेचका घासत बसावं लागतं.)
आणि चिमूटभर हिराकस.

हिराकस खाली उतरला.
दुसऱ्या मजल्यावरच्या झवेरबेन छेडा
चादर घेऊनच वर आल्या.
पांढऱ्या चादरीवर तांबूस सहा थेंब.
"तुमचा अनंत आमच्याकडे झोपायला येतो."
मी म्हटलं, लिंबू आणि मीठ लावा, उन्हात ठेवा.
त्या म्हणाल्या, तुम्हीच लावा.
लावलं. चार गेले. दोन राहिले.

कुंडीखाली ताटली ठेवली.
तर डासांची अळी बघायला पालिकेचा मुलगा आला,
ताटली माझ्यासमोर सिंकमध्ये पालथी केली
आणि मला, मला, साठलेल्या पाण्यावर
पाच मिनिटं समजावून गेला.

मार्चमध्ये अकरा कळ्या धरल्या.
मला आतून दिसाव्यात म्हणून
मी कुंडी फिरवली. अर्धा फेरा फक्त.
आठवड्यात अकराच्या अकरा खाली,
मिटलेल्या, हिरव्या, पिळलेल्या वातीसारख्या.
कळी धरल्यावर कुंडी हलवायची नसते
हे मला आता माहीत आहे.

पुढच्या वर्षी हात लावला नाही.
बघायचंसुद्धा बेतानेच.
एकच कळी दिसली, तीही दिसेनाशी झाली,
फांदी ग्रिलमधून बाहेर पडून खाली वळली होती.
गळली असेल म्हणून मी ताक विरजलं.

रात्री साडेनऊला फोन.
"उघडलं."
काय उघडलं?
"या ना खाली."

स्वतःचं फूल बघायला मी चपला घालून
एक मजला उतरले.
त्यांच्या खिडकीत मान वर करून उभी राहिले.
फूल खाली तोंड करून, पुरतं उघडलेलं,
बाहेरच्या दिव्यात थोडं निळसर.
वास तर आधी जिन्यातच भेटला होता.
झवेरबेन खाखरे भाजता भाजता म्हणाल्या,
तीन रात्री झाल्या वास येऊन,
मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

परवा ते फूल पिवळं पडलं,
साय जुनी व्हावी तसं.
आता छाटणी करायला हवी,
फुलानंतर लगेच, दोन पेरं ठेवून.
त्या फांदीला मात्र कात्री लागत नाही अजून.

सकाळी तांब्या ओतताना खाली वाकून पाहिलं:
बाकीचे कपडे आतल्या दोरीवर सरकवलेले,
बाहेरच्या तारेवर, कुंडीच्या बरोबर खाली,
एकटी ती चादर,
दोन डागांची.